भिवाजीचा राजीनामा

“वाचून द्या जी, बाईजी. मले तं काया अक्षर भैस बराबर,” भिवाजीने कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे केला. “सौंसरच्या अर्जनवीसानं देल्ला. म्हने, पेशीच्या आंदी अंगठा लाव.”

मी चष्मा लावला. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : राजीनामा. पहिल्याच ओळीत सावरगावच्या आमच्या शेताचा नंबर होता. त्यापुढची हिंदी फार गिचमिड होती, आणि ती वाचण्याची गरजही मला वाटली नाही.

“अंगठा लावलास?”

“नाई जी. तुमच्या सांगन्याबिगर कसा लावू?”

“लावायचाही नाही. राजीनामा म्हणजे शेत सोडल्याचा कागद.”

भिवाजीचा चेहरा उतरला. अठरा वर्षे तो ते शेत मक्त्याने वाहत होता. जाम नदीपलीकडचे सात एकर, अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात ज्वारी. यजमान गेल्यावरही मी मक्तेदार बदलला नव्हता. पण नवा कायदा येणार, वाहील त्याची जमीन होणार, अशी आवई उठली होती, आणि माझे धाकटे दीर रघुनाथराव यांनी आपल्या तिन्ही मक्तेदारांकडून एका दुपारी राजीनामे लिहून घेतले होते. माझ्या वाट्याच्या शेतावरही त्यांचा डोळा होता. हा कागद त्यांचाच, अशी माझी खात्री झाली. मी मराठी सातवी पास होते. पांढुर्ण्यात कोणाकडे सरकारी कागद आला की तो आमच्या ओसरीवर येई, आणि मी सांगेन तो त्याचा अर्थ असे.

“कोणीही विचारलं तरी एकच सांगायचं,” मी बजावले. “‘शेत माझ्या ताब्यात आहे, राजीनामा देत नाही.’ पेशीला मी स्वतः येते.”

पेशी, म्हणजे कोर्टातली सुनावणी, होती विहिरीची. आमच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नदीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सावरगावला जात. ती वहिवाट होती, अडवण्याचा अधिकार ना मला होता, ना भिवाजीला. त्या वाटेला लागूनच विहीर, आणि विहिरीला कठडा नव्हता. भिवाजीने तीनदा येऊन म्हटले होते, “बाईजी, इहिरीचं तोंड बांधून द्या. लोकं जाऊन राहिले तिकून.” मी मक्तेपत्र दाखवले होते : विहिरीची डागडुजी वाहणाऱ्याने करावी. ते कलम मीच घालून घेतले होते. मग त्यालाच का बांधता आले नाही? आमच्याकडची रीत परक्याला कळणार नाही. मक्तेदाराने दुसऱ्याच्या जमिनीत एक दगड जरी चुन्यात बसवला, तरी तो पाय रोवतो आहे असे मालकाला वाटते. भिवाजीला ते ठाऊक होते. मलाही तसेच वाटले असते. म्हणून तो दरवर्षी बोराटीचे काटे आणून विहिरीभोवती लावी, आणि दरवर्षी ते वाऱ्याने उडून जात.

दसऱ्यानंतर नदीकडच्या वस्तीतली मनकर्णा गवताचा भारा घेऊन त्या वाटेने येत असता विहिरीत पडली. पाणी कमरेएवढे होते म्हणून वाचली, पण मांडीचे हाड मोडले. भिवाजीनेच दोर बांधून उतरून तिला वर काढले. दवाखान्यातून पोलिसांत खबर गेली आणि खटला उभा राहिला तो भिवाजीवर.

हे सत्तावन्न सालचे. आदल्या वर्षी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. सौंसरच्या कचेरीतले जुने मराठी कारकून बदली मागून तिकडे निघून गेले, आणि त्यांच्या खुर्च्यांवर सागर-जबलपूरकडची माणसे आली. मॅजिस्ट्रेटही नवा होता. तरुण, स्वभावाने वाईट मुळीच नव्हता. मला पाहून त्याने खुर्ची मागवली.

“खेत किसके कब्जे में है?” त्याने विचारले.

“माह्या, हुजूर!” भिवाजी छाती काढून बोलला. “अठरा वर्सांपासून.”

“और कुआँ?”

“इहीरही माह्याच ताब्यात.”

“कुएँ की देखभाल किसके जिम्मे?”

भिवाजीने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी उठून ‘माझ्या’ एवढा एक शब्द मी बोलू शकले असते. पण विहीर माझी म्हटले तर शेतही माझे ठरेल, आणि त्याच्या ताब्याला बाध येईल, असा मी हिशेब केला. मी त्याला मानेने खूण केली.

“माह्याच जी,” तो म्हणाला. कारकुनाने ते लिहून घेतले.

मग बाकावर आडवी टेकवलेल्या मनकर्णेला विचारले. तिच्या पायाला फळ्या बांधल्या होत्या.

“माही काईच तकरार नाई जी. त्यानंच तं काढलं मले. मी राजी आहो.”

मॅजिस्ट्रेटला हायसे वाटलेले दिसले. “फिर झगड़ा क्या है? राजीनामा कर लो और घर जाओ।”

“नाई हुजूर.”

“क्या नहीं?”

“तुमी म्हनसान ते करतो, हुजूर. राजीनामा नाई देत.”

“अरे, वह राजी है! तू राजी नहीं?”

मनकर्णा मान उचलून पाहू लागली. “काहून रे भिवाजी? पाय माह्या मोडला, अन् रुसून तू राहिला?”

“तुह्यासंगं राजी आहो बाई. सात जन्म राजी आहो. राजीनामा नाई देत.”

कचेरी हसली. मॅजिस्ट्रेट हसला नाही. त्याने आणखी दोनदा विचारले, अगदी समजावणीच्या सुरात, आणि दोन्ही वेळा भिवाजीने आधी माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही वेळा मी नकाराची मान हलवली. शेवटी त्याने लेखणी उचलली. दोन महिने कैद.

विहिरीसाठी दंडापलीकडे काही होईल, असे माझ्या मनातही आले नव्हते.

व्हरांड्यात कागद लिहून देणारा तो अर्जनवीस आपल्या पेटीशी बसला होता. मला पाहून उठला. “बाईजी, बुरा न मानें. आपने सुलह क्यों नहीं होने दी? मैंने तो सब लिख दिया था।”

“कसली सुलह? तुम्ही राजीनामा लिहिला होता.”

“वही तो। राजीनामा माने सुलह। दोनों राजी, मुकदमा खतम।”

“राजीनामा म्हणजे सोडणं. नोकरी सोडणं, शेत सोडणं.”

“वह तो इस्तीफा हुआ, बाईजी,” तो हळूच म्हणाला. माझ्या वयाचा मान ठेवून त्याने नजर खाली घातली.

मी परत आत गेले. आयुष्यात मी कोणाच्या दारात थांबले नव्हते, त्या दिवशी चपराश्याने थांबवले आणि मी थांबले. दुसऱ्या खटल्याची हाक झाली होती. मॅजिस्ट्रेटने माझे ऐकून घेतले. त्याचे तोंड कडू झाले. “आदेश पर दस्तखत हो चुके, माताजी।” बाहेर एक वकील उभा होता. तो म्हणाला, अपील छिंदवाड्याला करावे लागेल, आणि ते पुकारले जाईपर्यंत दोन महिने सरून जातील. घरात मी पाणी म्हटले की चार माणसे उठत. तिथे मी कोणाला काय सांगावे, हे मला सुचेना.

छिंदवाड्याच्या छोट्या गाडीला अजून वेळ होता. फलाटावर भिवाजी शिपायाजवळ उकिडवा बसला होता. मला पाहताच उभा राहिला.

“भिवाजी,” मी सुरुवात केली, “तो कागद...”

“मी नाई मानलं, बाईजी. पाच खेप इचारलं त्यानं. नाई म्हंजे नाई.” त्याच्या डोळ्यांत भीती होती, पण तिच्यावर काहीतरी निराळे चढले होते. अभिमानच तो. “कपाशी फुटून राहिली. बायको अन् पोरी येचतीन. मनकर्णेले सांगजा, त्या वाटेनं आता काठी घिऊन जात जाय.” मग आवाज उतरवून त्याने विचारले, “शेत राह्यलं न जी माह्यापाशी?”

माझ्या जिभेवर सारे आले होते. चूक माझी होती, आणि ती सांगितली असती तर माझे ओझे उतरले असते. पण तुरुंगात न्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते.

“राहिलं,” मी म्हटले.

त्याने वाकून नमस्कार केला. गाडी आली. डबा अर्धा रिकामाच होता. शिपाई खिडकीशी ऐसपैस बसला आणि भिवाजीच्या कमरेची दोरी सैल सोडून विडी शोधू लागला. भिवाजी मात्र समोरच्या मोकळ्या बाकासमोर उभाच राहिला. गाडी हलली तरी तो उभा होता. त्याने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले, आणि मग डब्यातल्या अनोळखी माणसांना विचारलेले मला खिडकीतून ऐकू आले, “इथं बसू का जी? का कोनाची जागा हाये?”