तांबूस भुकटी

घर गप्प होतं, आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडला. ठेवला नाही, पडला. सहा वर्षांच्या ठकीने मान वर न करता रंगखडू डबीत भरले, डबी पोटाशी धरली आणि पलंग नि कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत जाऊन बसली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. जुडगा अलगद ठेवला तर बाबा चहा मागणार, आदळला तर आपण आपली जागा गाठायची, हे तिचं तिनेच ताडलं होतं. शेवटी आईची लेक.

आईचे वडील जुन्या गाड्यांचे नावाजलेले कारागीर. आवाज शोधायची त्यांची रीत म्हणजे हातभर सागाची काठी. एक टोक गाडीच्या पोटाला, दुसरं कानामागच्या हाडाला. "कान फसवतो पोरी, हाड फसवत नाही," म्हणायचे. ते गेले आणि काठी लेकीकडे आली.

तिच्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. पुढे त्याचं गॅरेज, मागे यांच्या दोन खोल्या. तीन आठवडे तिथे गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांची गाडी मुक्कामाला होती. गाडी मास्तरांच्या उमेदीच्या काळातली, पण गिअर आपोआप बदलणारी. गिअरची दांडी ओढली की तिच्या पोटात 'खट्' व्हायचं, आणि वेग घेतला की तळातून थरथर उठायची. मिस्त्रीने गिअरबॉक्सवर खापर फोडलं. दोनदा उतरवला, दोनदा उघडला, दोनदा बसवला. खट् जागच्या जागी.

त्या सकाळी तो बाहेर गेल्यावर ठकीची आई काठी घेऊन गाडीपाशी गेली. मागची चाकं स्टँडवर उचललेलीच होती. आधी गिअर न टाकता इंजिन रेटून पाहिलं. चूं की चां नाही. मग गिअर टाकून चाकं हळू फिरू दिली. गाडीखाली शिरून काठी गिअरबॉक्सच्या शेपटाला लावली, नंतर मागच्या चाकांमधल्या गोळ्याला. दोन्हीकडे झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखी एकसारखी घरघर. ठोका या दोहोंच्या मधल्या भागातून येत होता. इंजिन बंद करून तिने दोहोंना जोडणारा लांब दांडा हाताने हलवला. पुढचा सांधा तांदळाच्या दाण्याइतका ढिला होता, आणि त्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी. तिने ती बोटावर घेऊन बाजूला वाकून बघणाऱ्या ठकीला दाखवली.

"आतलं वंगण संपलं की लोखंड स्वतःलाच खातं. हा तुटणार."

"तुटला की?"

"दांडा रस्त्यात रुतेल, आणि गाडी त्याच्यावरून कोलांटी मारेल."

दुपारी मिस्त्री आल्याआल्या तिने हे सांगितलं, आणि तिथेच चुकली. शेजारी सुट्या भागांचा दुकानदार उभा होता. तो हसत म्हणाला, "मिस्त्री, आता पाटीवर वहिनींचं नाव घाला." मिस्त्रीही हसला. दुकानदाराला कोपऱ्यापर्यंत पोचवून आला. मग घरात शिरला, आणि जुडगा पडला.

त्याने काठीच उचलली. पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीवर. तिसरा तिने मनगटावर झेलला आणि काहीतरी मोडलं. काठी की मनगट? दोन्ही. तिला ते कानाने नव्हे, हाडानेच सांगितलं. बोळकांडीत डबीतले खडू खुळखुळत होते. केस धरून त्याने तिचं डोकं कपाटावर आपटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "त्या गाडीबद्दल पुन्हा तोंड उघडलंस, तर ठकीला आई उरणार नाही."

चार वाजता मास्तर आले; मिस्त्री त्यांना गाडी चालवून दाखवणार होता. नवरदेवासारखे पुढे त्याच्या शेजारी बसले. मारून झालं की मिस्त्रीला लेकीचा उमाळा यायचा; त्याने ठकीला मागे बसवलं होतं. तिचा एक मोजा घोट्याशी गोळा झाला होता.

ती हात टॉवेलात गुंडाळून बाहेर आली. मागचं दार उघडून तिने ठकीला उतरवलं. हिचं अंग गरम लागतंय, म्हणाली. मग मास्तरांना म्हणाली, चहा ओतलाय, निवेल. गाडी कुठे पळून जातेय? मास्तर चहाला नाही म्हणणारे नव्हते. उतरले.

मिस्त्रीने काचेतून तिच्याकडे पाहिलं. "अजून काही अक्कल शिकवायचीय?"

वाक्य जिभेवर होतं. चारच शब्दांचं. दाराशी केराच्या डब्यातून काठीचं टोक वर आलेलं दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली.

खट्. गाडी निघाली. गोदामाच्या भिंतीलगतच्या सरळ रस्त्यावर त्याने रागाने वेग घेतला. थरथर चढत गेली. मग तोफेसारखा आवाज. लोखंड डांबर फाडत गेलं, गाडीचं मागचं अंग हवेत उचललं गेलं, आणि सगळं धूड आडवं होऊन भिंतीवर आदळलं.

ती धावली. एका हाताने चेपलेलं दार ओढलं, काचांनी तळवा फाटला. स्टिअरिंग त्याच्या छातीत घुसलं होतं. तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. तो तिच्याकडेच बघत होता. मास्तर मागून धापा टाकत आले, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, वहिनी, तुमच्या चहाने वाचवलं हो मला.

इस्पितळाच्या बाकावर ती आणि ठकी बसल्या होत्या. मिस्त्रीला आत नेलेलं समोरचं दार दोन तास बंद होतं. तिच्या बाहीवर रक्त वाळून तांबूस झालं होतं, बोट लावलं की भुकटी पडत होती. तिने खाली वाकून, चांगल्या हाताने, ठकीचा मोजा वर ओढला. ठकी तिच्या बाहीकडे बघत होती.

"आई, तू मला उतरवलंस. मास्तरांना पण उतरवलंस," ती म्हणाली. "बाबांना का नाही उतरवलंस?"