भट्टीतला पहिला पाव

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात माझीही लाज निघते.

आमच्या बेकरीत एक पद्धत आहे. घाणा निघाला की पहिला पाव भट्टीवाल्याने खाऊन बघायचा, मगच माल बाहेर. दिवसाला आठ घाणे. भट्टीवाला म्हणजे माझा दोस्त, आम्ही त्याला पैलवान म्हणतो. चाळिशीत त्याला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी पाव, भात, बटाटा, साखर कमी करायला सांगितलं. बिचारा डब्यात अंडी आणि पालेभाजी आणायला लागला.

"आली बघा शेळी चरायला!" मुकादम ओरडायचा आणि आम्ही खिदळायचो. मीसुद्धा.

घरी वहिनी त्याच्या ताटावर पहारा द्यायची आणि इथे आठ पाव पोटात जायचे. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, शुगर तशीच. पायाला भट्टीचा चटका बसला होता, तोही अजून ओलाच. "चोरून खाता तुम्ही," म्हणून वहिनीने बोलणं टाकलं. त्याने बेकरीतल्या पद्धतीचं नावही तोंडातून काढलं नाही, मूर्ख माणूस.

आज त्याने पाव नको म्हटलं.

"चव घ्यायची नसेल तर भट्टी सोड," मुकादम म्हणाला. "पावाने कोण मेलंय का?"

माझं डोकंच फिरलं. पाव हिसकावून मीच खाल्ला.

"मीठ बरोबर आहे. अजून काही?"

मुकादमाने माल बाहेर काढायला सांगितलं.

"उद्या काय करशील?" पैलवानाने हळूच विचारलं.

"उद्याही मीच खाणार. आठच्या आठ. आणि आज सुटल्यावर घरी येतो, वहिनीला सांगतो की तू चोर नाहीस."