उघडे टाके

हसता हसता सरूबाईचं लक्ष मांडीकडे गेलं आणि हसू तिथल्या तिथं विरलं. उजव्या हातातली सुई रिकामी होती.

यमुनाबाईंच्या ओसरीवर विणकाम मंडळाच्या बायका अजून हसतच होत्या. मनकर्णाबाई आपल्या मालकांना पहिल्यांदा विणून दिलेल्या स्वेटरची गोष्ट सांगत होती.

"घातलं अन् आरशापुढं हुभे ऱ्हायले. म्हणले, अगं, एक बाही पाचोडच्या बाजारात गेली अन् दुसरी पिशोरलाच ऱ्हायली की. म्या म्हणलं, मंग बरंच झालं. दोन्हीकडचा बाजार घिऊन या."

यमुनाबाईंची सून शैला तोंडाला पदर लावून हसत होती. तिला नुकतेच दिवस गेले होते. सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, हळू हस. उचकी लागेल."

सरूबाईने पिवळं इवलंसं स्वेटर पदराखाली ओढलं. बोटांनी चाचपून पाहिलं. गळ्याच्या पट्टीचे टाके एकात एक अडकून साखळीसारखे मिटले होते. शेवटची गाठसुद्धा मारून झाली होती.

गारखेड्यात म्हणत, सरूबाईच्या हातांना डोळे आहेत. ती बोलत असो, भांडत असो, रेडिओ ऐकत असो, सुया आपल्या चालत राहत. सुलट, उलट, सुलट, उलट. शेवटची ओळ आली की थांबायचं, हे तिच्या मनाला ठाऊक होतं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मंडळाची रीत होती ती. पोटातल्या बाळासाठी सगळं विणावं, पण शेवटचे टाके बंद करू नयेत. ते सुईवर तसेच उघडे ठेवावेत. बाळ सुखरूप आलं, बाळंतीण सव्वा महिन्याने उंबऱ्याबाहेर पडली, की सगळ्यांनी मिळून एकेक टाका बंद करावा. तोवर बाळाला जुनेराची ऊब पुरे. येणाऱ्याच्या तोंडावर दार लावू नये, असं बायका एकमेकींना सांगत. खरं कारण मात्र मनकर्णाबाईच्या माघारी बोललं जाई. काही वर्षांमागे तिने सुनेच्या बाळंतपणाआधीच स्वेटर पुरं करून टाके मिटवले होते. बाळ आलं ते मुकंच आलं, रडलंच नाही. तेव्हापासून ही रीत पडली.

आणि सरूबाईची लेक आशा तिसऱ्यांदा माहेरी आली होती. दोनदा आली, दोनदा रिकाम्या ओटीने पाचोडला सासरी परत गेली. या खेपेला पोटातलं नीट टिकलं होतं.

सरूबाईने रिकामी सुई पट्टीत नुसतीच खुपसली, वरून उघडं दिसावं म्हणून, आणि स्वेटर पिशवीत टाकलं.

"लवकर निघाली गं सरू?" मनकर्णाबाईने विचारलं.

"पोरगी एकलीच हाय, अक्का."

मनकर्णाबाईने पिशवीकडे पाहिलं की पिशवीपलीकडच्या उन्हाकडे, ते सरूबाईला कळलं नाही. पण घरापर्यंतच्या वाटेवर ती नजर पाठीवर हात ठेवल्यासारखी तिच्यासोबत आली.

अंगणात आशा बाजेवर उन्हाला बसली होती. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. आईच्या हातातली पिशवी बघून म्हणाली, "झालं का गं आई माझं?"

"नाय अजून. गळा ऱ्हायलाय."

"मंग आसू दी तसाच." आशाने पोटावरून हात फिरवला. "सकाळपासून लई गप हाय गं हे. हालतं, नाय आसं नाय. पण दमल्यासारखं हालतं."

"निजलं आसंल," सरूबाई म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला.

नवरा कडूबा कालव्याच्या कचेरीत कामावर गेला होता. न्हाणीच्या मागे, जिथे आशाची नजर पोचणार नाही तिथे, सरूबाई उकिडवी बसली. उसवायला कितीसा वेळ लागतो? गाठ सोडायची, दोरा मागे ओढायचा, मोकळा झालेला एकेक टाका सुईवर घ्यायचा. शेकडो वेळा केलेलं काम. पण गाठ सुटेना. तिने ती दाताने तोडली, दोरा जरा जोरात ओढला आणि टाके सुईवर यायच्या आधीच घसरले. लोकर नवी होती, गुळगुळीत होती. एक टाका निसटला तो खालच्या ओळीत गेला, तिथून त्याच्या खालच्या. शिडीवरून पाय सुटावा तसा तो खाली खाली चालला. तिने अंगठ्याखाली दाबून धरला, तर शेजारचा सुटला.

जात्यांना पिठाच्या गिरणीने गप केलं तेव्हा गारखेड्यातल्या बायकांच्या ओव्या सुयांवर येऊन बसल्या होत्या. सरूबाईच्या मनात ओवी न बोलावता यायची. आत्ताही आली.

*पिवळ्या लोकरीचा, टाका निसटला बाई...*

दुसरी ओळ ओठांपर्यंत आली होती. सरूबाईने ती येऊ दिली नाही. दात आवळून गिळून टाकली. कसली ओळ जुळणार होती, ते तिला कळून चुकलं होतं.

"आई," अंगणातून हाक आली. हाक मोठी नव्हती. मोठी नव्हती म्हणूनच सरूबाईने स्वेटर तसंच पिशवीत कोंबलं आणि ती धावली.

दिवस भरायला अजून अवकाश होता. बाजेखालची माती भिजली होती आणि आशा दोन्ही हातांनी बाजेची दोरी धरून तिच्याकडे बघत होती.

रिक्षा कुणी आणली, मनकर्णाबाई कधी येऊन बसली, काही सरूबाईच्या ध्यानात राहिलं नाही. रिक्षावाला म्हातारा होता. "अम्मा, आहिस्ते चलाता मैं. फिकर नक्को करो. मेरे चार हुए, सब रिक्षा में बैठके गये, हाथ में लेके आये." मनकर्णाबाई त्याला म्हणाली, "बोल कमी भाऊ, खड्डे बघ." आशाचं डोकं सरूबाईच्या खांद्यावर होतं. प्रत्येक खड्ड्याला ती आईचं मनगट आवळायची, आणि त्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत ते होतं.

सरकारी दवाखान्यात आशाला आत नेलं. दार लागलं. ते लागताना सरूबाईने डोळे मिटून घेतले.

बाकड्यावर दोघीच. समोर भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, त्यांच्यावर पुसट झालेली सूचना. बऱ्याच वेळाने एक सिस्टर बाहेर आली.

"आशाचं कोण?"

"मी. आई."

"बाळाचे ठोके मंद लागतायत. डॉक्टरीणबाई आल्यात. इथंच बसा, कुठं जाऊ नका."

"म्हंजी काय बाई?"

"म्हणजे बसा इथं, मावशी." सिस्टर वळली.

सरूबाई बसली ती पिशवी उराशी धरून. मग एकाएकी तिने ती मनकर्णाबाईच्या मांडीवर ठेवली. जड ओझं सोडावं तशी.

"अक्का, म्या बंद केलं."

मनकर्णाबाईने पिशवीवर हात ठेवला.

"तुमी हसवत व्हता तव्हा. मला कळलंच नाय. हात आपले चालले अन् मिटवून मोकळे झाले. मंग उसवाया बसले तर सगळं खाली गेलं. अन् लगेच पोरीनं हाक मारली. लगेच, अक्का. तुमाला तर ठावंच हाय काय व्हतं ते. तुमच्यावाणी आता माझ्या बी..."

वाक्य तिने अर्ध्यावर सोडलं. इतक्या वर्षांत मनकर्णाबाईच्या तोंडावर कुणी ते बोललं नव्हतं.

मनकर्णाबाईने पिशवीतून स्वेटर काढलं. उलगडून मांडीवर पसरलं. गळ्यापाशी दोनतीन ठिकाणी शिड्या पडल्या होत्या. तिने सुई घेतली आणि सर्वांत खाली गेलेला टाका टोकावर हळूच उचलला.

"माझं बंद नव्हतं गं सरू," ती म्हणाली.

सरूबाईने मान वळवली.

"गळा व्हायचाच व्हता माझा. सुई तशीच आडकवलेली. टाके उघडेच व्हते सारे." मनकर्णाबाईचे डोळे लोकरीवरून हलले नाहीत. "तरी बी गेलं."

"पण तुमी तर..."

"सून खात व्हती सोताला. म्या घागर उचलली म्हणून, म्या पपई खाल्ली म्हणून, म्या जिन्यावरून पळाले म्हणून. भिंतीवर डोकं आपटायची. म्हणलं, काय देऊ हिला? माझ्याजवळ दुसरं व्हतं काय द्याया? म्हणलं, बाई, तुझं काय बी चुकलं नाय. म्याच आधी टाके बंद केले." एक टाका एका ओळीने वर आला. "त्या दिशी निजली ती. तिच्या डोळ्याला डोळा लागल्यावर म्या सुई घेतली अन् खरंच बंद केले. कुणी बघितलं तर खोटं पडाया नको."

आत कुणीतरी मोठ्याने काही बोललं. पावलं पळाली, थांबली.

"अन् सून?" सरूबाईने हळूच विचारलं.

"तिला मंग दोन झाले. दोन्ही गुणाचे." मनकर्णाबाईने सुई पुढे सरकवली. "एकाचं बी टोपडं विणू दिलं नाय मला."

सरूबाईला वाटलं होतं, टाक्यांचा दोष नाही म्हटल्यावर उरावरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. उलट पायाखालची फरशीच सरकल्यासारखी झाली. आतापर्यंत निदान काय चुकलं ते माहीत होतं. उसवता येत होतं, पुन्हा उचलता येत होतं, देवापुढे नाक घासता येत होतं. आता बंद दाराच्या आड जे चाललं होतं त्याचा लोकरीशी, सुईशी, हाताशी कशाशीच संबंध नव्हता.

"मंग धरायचं तरी काय, अक्का?"

"काय नाय. बसायचं."

मनकर्णाबाईचा खरबरीत गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला. दोघी बसल्या. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत जिन्यापाशी गेली.

"अन् हे कुनाला सांगायचं नाय सरू. माझी आण हाय. शैलाला दिवस गेलेत. रीतच नाय म्हणलं तर ती पोर काय धरून ऱ्हाईल नऊ महिने?"

सरूबाईने मान हलवली. त्याच वेळी दार उघडलं. सिस्टरच्या कपाळावर घाम होता. ती काय बोलली हे सरूबाईने तिच्या ओठांकडे न बघता, तिच्या चपलांकडे बघत ऐकलं.

"मुलगी. बारीक आहे फार. पण रडली."

सव्वा महिन्याने आशा मुलीला घेऊन यमुनाबाईंच्या ओसरीवर आली. पोर अजून पाखराएवढी होती, पण डोळे उघडून बघत होती. शैलाचं पोट आता दिसू लागलं होतं. ती आशाच्या अगदी शेजारी बसली, जणू धैर्य असं अंगाला अंग लावून घेता येतं. पिवळं स्वेटर मधोमध ठेवलं होतं. गळ्याचे टाके सुईवर ओळीने उघडे, एकही कमी नाही. कुणाला काही कळलं नव्हतं.

टाके बंद करायची वेळ आली की मनकर्णाबाई चहा टाकायला आत जायची. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं, कुणी कधी थांबवलंही नव्हतं. आजही ती उठू लागली, तर सरूबाईने तिचा पदर धरला.

"बसा अक्का. पैला टाका तुमी घ्या."

यमुनाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सरूबाई, अहो, असं..." त्या म्हणाल्या. शैलाचा हात नकळत पोटावर गेला. आण घातली नसती तर सगळ्यांना खरं सांगितलं असतं का, हे सरूबाईचं तिलाच ठाऊक नव्हतं. सगळं माहीत असूनही सुई देताना तिने ती क्षणभर घट्ट धरून ठेवली, आणि मनकर्णाबाईला ते कळू नये म्हणून घाईने सोडली.

मनकर्णाबाईने सुई घेतली. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की आशाच्या पोरीचं बारसं जणू तिच्याच घरी होतं. बोटं टाक्यांवर टेकली.

तेव्हा आशाने पोरीची कुंची खाली ओढली आणि तिला पदराआड घेतलं. मुद्दाम नव्हे. वारा आला की आई घेते तसं.

मनकर्णाबाईने ते पाहिलं.

"माय, चष्मा घरीच ऱ्हायला बघ माझा," ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. "मला काय टाका दिसंना. शैला, तू घी बाळा. तुझी नजर चांगली हाय."

शैलाने दोन्ही हातांनी सुई घेतली. मग सुई पुढे गेली, या हातातून त्या हातात, आणि बायकांनी दबक्या आवाजात ओवी धरली. सरूबाईला सूर लागेना.

मनकर्णाबाईने लोकरीचा गुंडा आपल्या मांडीवर घेतला होता. ज्या बाईच्या हाती सुई जाईल तिच्या बोटांना ओढ बसू नये म्हणून ती दोरा हळूहळू सैल सोडत होती, थोडा, आणखी थोडा, शेवटचा टाका होईपर्यंत.