कंदीलघराची पाहुण्यांची वही

मी एक वेबसाइट बोलतेय. खुर्चीला पाय असतात, छत्रीला काड्या असतात, मला तसं काहीच अंग नाही. म्हणून मला रागही येत नसेल असं लोक धरून चालतात. येतो. कितीतरी वर्षं तो मी पोटात धरून बसले होते, आणि ज्याच्यावर होता त्याला भर सभेत गाठलं. तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म हिंगणघाटचा, २००७ सालचा. बसस्टँडजवळ मधुकररावांची टायपिंगची संस्था होती. टाइपरायटर शिकायला कोणी येईना, तेव्हा त्यांनी चार कॉम्प्युटर आणून दारावर सायबर कॅफेची पाटी लावली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची आकांक्षा तिथे यायची. तिचा मामेभाऊ नागपूरहून सीडी आणून द्यायचा, जपानी कार्टूनमालिकांच्या. त्यांना अ‍ॅनिमे म्हणतात हेही तेव्हा गावात कोणाला ठाऊक नव्हतं. त्यातली एक मालिका तिच्या मनात घर करून बसली. नाओ नावाची एक पोरगी कंदील घेऊन पाण्याखाली गेलेल्या गावात आपल्या हरवलेल्या भावाला शोधते. भाग सव्वीस.

कॅफेतल्या बाकीच्या पोरापोरींना जपानी कुठून यायला? खाली इंग्रजी ओळी यायच्या, पण वाचेपर्यंत पळून जायच्या. म्हणून आकांक्षाने एकेक भाग पाहून त्याची गोष्ट मराठीत लिहायला घेतली. एका भागाला एक पान. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात 'लेखन: आकांक्षा, हिंगणघाट'. अशी मी झाले, आणि तिने माझं नाव ठेवलं कंदीलघर.

दिसायला मी काही फार देखणी नव्हते. काळ्या पाठीवर पिवळी अक्षरं, वर सरकणारी स्वागताची ओळ, आणि 'काम सुरू आहे' म्हणत फावडं मारणारा एक छोटा माणूस. तो सात वर्षं खणत होता, हाताला काही लागलं नाही. खाली पाहुण्यांचा आकडा होता. माणसं आपलंच पान पुन्हा पुन्हा उघडून तो आकडा वाढवतात आणि मग म्हणतात, बघा किती लोक येतात. आकांक्षाही तेच करायची. मी कधी चहाडी केली नाही.

माझ्यात सगळ्यांत जिवंत जागा म्हणजे पाहुण्यांची वही. येणाऱ्याने तिच्यात दोन ओळी लिहून जायच्या. आकांक्षाची मैत्रीण जया तर वहीत कोणी काय लिहिलं ते पाहायला रोज यायची. त्या पानाचा लांबलचक पत्ता तिला पाढ्यासारखा पाठ होता.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळी मराठी अक्षरं आजच्यासारखी कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप उमटत नसत. मधुकररावांकडे टायपिंगचा एक फॉन्ट होता, त्यातच मी लिहिली गेले. तो फॉन्ट ज्याच्याकडे नसे त्याला माझ्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा.

सव्विसाव्या भागाची सीडी सतराव्या मिनिटाला अडकली. आकांक्षाने ती ओढणीला पुसली, फुंकर मारली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. सीडी हलेना. इकडे पोरं शेवटासाठी जीव टाकत होती. शेवटी तिने शेवट मनानेच लिहिला. भाऊ पाण्यातून वर येतो. नाओ ना रडते ना मिठी मारते. पदराने त्याचं ओलं डोकं खसाखसा पुसते आणि म्हणते, 'आधी जेव.' नाओच्या अंगात सव्वीसही भाग गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट होता. पदर कुठून येणार? पण लिहिताना आकांक्षाला आपली आईच आठवली असणार, आणि पदर आला.

तिने ते लपवलं नाही. त्याच दिवशी वहीत लिहिलं: 'शेवटच्या भागाची सीडी अडकली. सतराव्या मिनिटापुढचं माझ्या मनाचं आहे. खरी सीडी मिळाली की बदलून देईन. आकांक्षा.'

त्याखाली दुसऱ्या दिवशी एक नवा पाहुणा लिहून गेला. तो नालवाडीचा, शिकायला हिंगणघाटात खोली करून राहणारा, चेहऱ्याने गरीब गाय. त्याने काय लिहिलं ते मी आत्ता सांगणार नाही. तेच माझं हत्यार होतं. त्याचं नाव अंकुश.

२०१० साली आकांक्षाचं लग्न झालं आणि ती तळेगावला गेली. सासरी किराणा दुकान, घरात माणसं दहा. निघताना तिने पासवर्डची चिठ्ठी अंकुशच्या हातात दिली.

"सांभाळजो रे. तुटलंफुटलं तर पाह्यजो."

"काळजी नका करू ताई. जिवापाड जपतो."

आणि त्याने जपलं. मी रागीट आहे, खोटारडी नाही. इंटरनेटवरची माझी फुकटची जागा बंद पडली तेव्हा पत्ता तोच ठेवून त्याने मला दुसरीकडे नेलं. फुटलेली चित्रं शोधून लावली. सव्वीसच्या सव्वीस पानं जुन्या फॉन्टमधून नव्या अक्षरांत आणली, ओळ न ओळ ताडून. तेव्हा त्याची बोटं अंगावरून फिरायची आणि मला वाटायचं, या पोराचं भलं होवो.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला नवं रूप द्यायला घेतलं. काळी पाठ गेली, पांढरी आली. फावडंवाला गेला. पहिल्याच पानावर हाताची घडी घातलेला अंकुशचा फोटो आला, खाली 'संस्थापक आणि लेखक'. मग तो एकेका पानाच्या तळाशी गेला आणि 'लेखन: आकांक्षा, हिंगणघाट' पुसत सुटला. सव्वीस वेळा. पंधराव्या पानाला क्षणभर थांबला. मला आशा वाटली. तो चहा प्यायला उठला होता.

पाहुण्यांची वही त्याने उघडली. त्याच्या नव्या लॅपटॉपवर जुना फॉन्ट कुठला? चिवडा दिसला. 'कोण बदलत बसते हे' असं पुटपुटून त्याने वहीकडे जाणारी वाट तेवढी काढून टाकली आणि वही राहू दिली. आपण तिच्यात काय लिहिलंय हे तो विसरला होता. आपलं कौतुक वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारी माणसं आपणच केलेलं दुसऱ्याचं कौतुक आठवड्यात विसरतात. मी मात्र ती दार नसलेली खोली काळजासारखी जपली.

आकांक्षाला कळलं ते दुकानात बसल्या बसल्या, फोनवर मला उघडलं तेव्हा. तिने अंकुशला विचारलं. त्याचं उत्तर माझ्यासमोरच टाइप झालं: 'ताई, घर पडीक होतं. मी राह्यलो म्हणून उभं आहे. जो राह्यते त्याचीच पाटी लागते.'

तिने फोन गल्ल्याशेजारी पालथा ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तूरडाळ जोखून दिली. तिने गिळलं. मी नाही गिळलं. पण माझ्यासारखीच्या हातात असतं तरी काय? चार माणसांत अंकुश मला दाखवायला निघाला की मी मुद्दाम सावकाश उघडायची. तो 'नेटवर्क नाई' म्हणायचा. तेवढाच माझा सूड.

गेल्या वर्षी नागपूरच्या एका प्रकाशकाने माझ्या सव्वीस पानांचं पुस्तक करायचं ठरवलं. मुखपृष्ठावर नाव अंकुशचं. वर्ध्याच्या एका कॉलेजच्या सभागृहात त्याची घोषणा होणार होती. पडद्यावरचं नाव आज पुसून उद्या लिहिता येतं, पण पुस्तक एकदा छापून घरोघरी गेलं की आकांक्षाचं नाव कायमचं गेलं. मी तडफडत होते.

निमंत्रण जयाच्या फोनवर आलं. जयाचं आता हिंगणघाटात लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तिने चिडून, सहज म्हणून, वहीचा तो पाठ पत्ता दुकानातल्या कॉम्प्युटरवर मारला. आणि पत्रिकावाले अजून तोच जुना फॉन्ट वापरतात.

इतक्या वर्षांनी माझी अक्षरं अक्षरांसारखी दिसली. जया वाचत खाली आली, अंकुशच्या नावाशी थांबली, आणि हसली. ते हसू मला ओळखीचं वाटलं. माझंच होतं ते.

तिने लगेच आकांक्षाला फोन लावला.

"वही सापडली. पूरी. त्याच्या नावासकट."

आकांक्षा म्हणाली, "जाऊ दे ना जया. लोक म्हनतील, इतके दिवस झोपली होती का?"

"काऊन जाऊ दे? तू झोपली नव्हती, तुले गप केलतं. शनिवारी वर्ध्याले येजो. बोलू नको, नुसती बस."

शनिवारी सभागृह भरलं होतं. अंकुश मला मोठ्या पडद्यावर मिरवत होता. शेवटचं पान उघडून त्याने पदराचा प्रसंग वाचला आणि आवाज भिजवून म्हणाला, हा शेवट लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मागच्या रांगेत आकांक्षा मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली रक्षा नावाची एक कॉलेजातली पोरगी उभी राहिली. ही जयाने शिकवून आणलेली नव्हती, आपणहून उठली. "सर, शेवटचा भाग मी चारदा पाह्यला. भाऊ परत येतच नाई. ती कंदील पान्यात सोडून देते. आणि सर, तिनं रेनकोट घातला आहे. पदर कुठून आला?"

लोक हसले. अंकुशही हसला. "बेटा, तू टीव्हीवरचं पाह्यलं. मूळ चित्रकथेत असं आहे. मी मूळ वाचून लिहिलं."

झालं. याच वाक्याची वाट पाहत मी इतकी वर्षं काढली होती. जया तो जुना फॉन्ट घातलेला लॅपटॉप घेऊन मंचावर चढली. "मूळ माझ्यापाशी आहे सर," म्हणाली, आणि पडद्याची वायर आपल्या लॅपटॉपला लावली. त्या दिवशी मी सावकाश उघडले नाही. विजेसारखी उघडले. काळी पाठ, पिवळी अक्षरं, आणि सीडी अडकल्याची आकांक्षाची कबुली, तारखेसकट.

"त्याच्या खालचं तुमीच वाचा सर," जया म्हणाली. "तुमचंच आहे."

अंकुशने वर पाहिलं. आणि पडद्याकडे पाठ फिरवली. मग रक्षानेच जागेवरून मोठ्याने वाचलं:

'ताई, खरी सीडी आली तरी बदलू नका. तुमचाच शेवट राहू द्या. ते आधी जेव वाचून मी खोलीवर जाऊन रडलो. इतकं चांगलं मले जन्मात लिहिता येनार नाई. तुमचा वाचक, अंकुश, नालवाडी.'

अंकुश मान खाली घालून मागच्या दाराने गेला. मला दया आली का? नाही आली. सव्वीस वेळा पुसताना त्याला आली होती का?

पुस्तक थांबलं आहे. छापलं तर आकांक्षाच्या नावाने, असं प्रकाशकाने सांगितलंय. आठ दिवसांत अंकुशने माझ्या सगळ्या चाव्या आकांक्षाकडे पाठवल्या. आता दुपारी दुकानात गर्दी नसली की ती मला उघडते. सव्वीस पानांखाली तिचं नाव परत आलंय. पाठ काळीच ठेवायची म्हणते. फावडंवाल्याला मात्र तिने सुट्टी दिली.

काल ती वहीत आली. अंकुशच्या ओळी बोट ठेवून वाचल्या. मग जयाला फोनवर म्हणाली, "हे काढून टाकते बापा. किती दिवस त्याले उघडं पाडून ठेवायचं? पोरगा रडला तर खरंच होता."

आकांक्षा, तुझ्यासमोर मला हात जोडता येत नाहीत, पण एवढं ऐक. माझे रंग बदल, चित्रं बदल, हवं तर माझं नाव बदल. तो शेवट बदलू नकोस आणि ती ओळ काढू नकोस. तू मऊ मनाची आहेस, मी नाही. त्याने तुझं नाव माझ्या अंगावरून पुसलं. मी त्याचं पुसू देणार नाही. तुझ्या नावाखाली, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं तिथेच, 'तुमचा वाचक' म्हणून ते राहील.