खास माणसांची लेन

इंटरनेटपुढे सगळे सारखे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने ऐरोलीला प्रीतमशेठ पाटलांच्या ऑफिसात एकदा चहाला जावं. कप अर्धा व्हायच्या आत भ्रम उतरतो. शेठचा मूळ धंदा केबल टीव्हीचा. गावची शेतं गेली, तिथे टॉवर आले, टॉवरात माणसं आली आणि त्या माणसांना केबल नको, नेट हवं झालं, तसा शेठनी बोर्ड बदलला आणि ‘झपाट ब्रॉडबँड’ सुरू केलं. झपाटा बोर्डापुरता होता. बाकीचं सगळं अभिराम दामलेच्या डोक्यावर.

अभिराम चिपळूणचा, इंजिनिअर, चष्मेवाला, सरळमार्गी. कंपनीचं नेटवर्क तो सांभाळायचा. म्हणजे असं, की वरून जेवढं नेट विकत घेतलं जाई त्याच्या कितीतरी पट खाली विकलं जाई. दुपारी ते कुणाच्या लक्षातही येत नसे. संध्याकाळी मात्र अख्खं गाव एकदम घरी येऊन मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप उघडून बसलं की कोंडी व्हायची. मग कुणाला किती द्यायचं, कुणाला थांबवायचं, हे ठरवायला अभिराम.

"दामले, एक काम करा," शेठ एकदा म्हणाले होते, "आपल्या खास मानसांना वेगली लेन काढा. मोठी. नगरसेवक हाय, पोलीस ठान्याचे साहेब हायत, सोसायट्यांचे चेअरमन हायत. त्यांची लाइन थांबली तर आपली थांबंल."

अभिरामने लेन काढली. नेटचा मोठा हिस्सा खास लेनला, उरलेला साध्या लेनला. खास घरं मूठभर, त्यामुळे त्यांचं नेट असं पळायचं की विचारू नका. चेअरमन लोक एकमेकांना गच्चीवर बोलवून स्पीड दाखवायचे.

आता हे दाखवणंच नडलं. नवी मुंबईत असा माणूस शोधून दाखवा, ज्याची कुणाशीच ओळख नाही. चेअरमनच्या मेहुण्याने चेअरमनला सांगितलं, चेअरमननी शेठना. शेठचं मन मोठं, त्यात त्यांचा खिसा रिकामा होत नसल्याने ते आणखीच मोठं. "टाका हो त्यांनाबी खासमध्ये!" मग सेक्रेटरी, मग खजिनदार, मग खजिनदाराशी भांडलेला माजी खजिनदार. कुणी तक्रारीला फोन केला आणि जरा आवाज चढवला, की तक्रारी घेणारी गीतांजली त्याला खास करून टाकायची. तिच्या दृष्टीने ते औषध होतं, आणि औषधाने रोगी निदान त्या दिवसापुरता गप्प बसायचा.

बघता बघता दिघ्यापासून इकडे जवळजवळ सगळे खास झाले. खास लेन दुथडी भरून वाहू लागली, म्हणजे खरं तर वाहायची थांबली. साध्या लेनमध्ये उरली ती कुणाचीच ओळख नसलेली चार घरं. त्यांचं नेट बिनबोभाट चालायचं. त्यांना ते माहीतही नव्हतं. बिचाऱ्यांना वाटायचं, नेट असंच असतं.

दुसरी गंमत सुरक्षेची. कुठल्या घरातून अचानक डेटाचा वेडावाकडा लोंढा सुटला, तर तो आपोआप अडवणारी एक चाळणी अभिरामने बसवली होती. पण त्या चाळणीने एकदा नगरसेवकांच्या भावाचा ऑनलाइन पत्त्यांचा डाव मध्येच बंद पाडला. हातात चांगली पानं होती म्हणे. दुसऱ्या दिवशी शेठनी फर्मान काढलं, "खास मानसांना तपासायचं नाय. ती काय चोर हायत?" झालं! साध्या घरांची तपासणी चालू राहिली आणि खास घरांना रान मोकळं झालं.

अभिराम दिघ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला नव्या टॉवरमध्ये राहायचा. त्याच्या घरी झपाटचीच लाइन होती, पण स्वतःचं घर त्याने कधी खासमध्ये टाकलं नव्हतं. याला तो तत्त्व म्हणायचा आणि बायकोला अधूनमधून ऐकवायचाही. बायको सई. पार्थ झाला तेव्हा तिने बँकेतली नोकरी सोडली, ती चार वर्षं घरी. आता पुण्याच्या एका कंपनीत घरून करायचं काम होतं. दोन फेऱ्या पार पडल्या होत्या. तिसरी, शेवटची मुलाखत बुधवारी संध्याकाळी सातला, व्हिडिओवर.

सईने जिवाचं रान केलं होतं. कढईत भाजी परतताना उत्तरं म्हणायची. पार्थला झोपवताना अंगाईऐवजी स्वतःचा अनुभव इंग्रजीत सांगायची, पोर त्यानेही झोपायचं. बुधवारी सकाळी अभिराम बूट घालत होता, तेव्हा ती दारात आली.

"नेटचं काय रे? सातला सगळीकडे बोंब असते म्हणतोस ना?"

"आपलं कधी अडलंय? टेन्शन नको घेऊस. मी बसलोय ना तिकडे."

"तू फक्त बस. हात काही लावू नकोस," सई हसून म्हणाली. "मला ही नोकरी हवीय, अभिराम. फार हवीय."

चार वर्षांत बायकोने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आज मागितलं तेही काही करू नकोस एवढंच. आता नवरा म्हणून जन्माला आलेला माणूस असा गप्प बसतो होय? ऑफिसात गेल्या गेल्या त्याने तत्त्व खुंटीला टांगलं आणि आपलं घर खास लेनमध्ये टाकून दिलं. घरी सांगितलं नाही. मागाहून सांगू, खूश होईल.

त्याच संध्याकाळी प्रीतमशेठ उरणला होते, मेहुण्याच्या पोराच्या हळदीला. आता हळदीचाच विषय निघालाय तर हेही सांगायला हवं, की महिन्यापूर्वी शेठच्या बंगल्यात त्यांच्या पुतण्याची हळद झाली होती. बंगल्याला चहूबाजूंनी कॅमेरे. ज्या नातेवाइकांना यायला जमलं नाही त्यांना घरबसल्या नाच दिसावा, म्हणून शेठनी भर मांडवात बेंजो थांबवून, माइकवरून कॅमेऱ्यांचा पासवर्ड सांगितला होता. दोनदा सांगितला. कुणीतरी त्याचं रील काढून टाकलं, ते पाऊण जगाने पाहिलं. पासवर्ड नंतर बदलला नाही, कारण शेठच्या आई जाईबाईंना तेवढाच पाठ होता.

पाऊण जगात भले लोक होते तसे चोरही होते. बुधवारी सात वाजले आणि बंगल्यातले झाडून सगळे कॅमेरे कुणा लांबच्या माणसाच्या इशाऱ्यावर तिसऱ्याच कुणाच्या वेबसाइटवर तुटून पडले. सगळ्यांनी एकदम मारा करून ती वेबसाइट बंद पाडायची, असा बेत. खास घर, त्यामुळे चाळणी नाही. लोंढा सुटला तो थेट खास लेनमध्ये. आधीच ठासून भरलेली लेन जागच्या जागी बसली.

ऑफिसात फोन खणखणू लागले. चेअरमन, माजी चेअरमन, भावी चेअरमन! गीतांजलीने सवयीने एकाला म्हटलं, "सर, तुम्हाला खासमध्ये टाकते." पलीकडून कडाडलं, "बाई, मी खासच आहे!"

अभिरामने पडद्यावर पाहिलं. लोंढा कुठून येतोय ते त्याला लगेच दिसलं. शेठचा बंगला. ती लाइन एका टिचकीत बंद झाली असती, पण शेठची लाइन शेठना न विचारता बंद करायची? त्याने उरणला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हळदीच्या बेंजोपुढे मोबाइलची काय प्राज्ञा!

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. सई. आवाज तुटत तुटत येत होता, कारण डोंगराला खेटून असलेल्या त्या टॉवरात मोबाइलची रेंज म्हणजे गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीपाशी एक काडी.

"अभिराम, माझा चेहरा अडकलाय... ते लोक हॅलो हॅलो करतायत... काय करू?"

"दोन मिनिटं, सई! दोनच मिनिटं!"

गीतांजली बाजूला येऊन उभी होती. ती म्हणाली, "सर, वहिनींचं घर साध्या लेनमध्ये टाका ना. ती लेन बघा, रिकामी पडलीय."

अभिरामने पाहिलं. साधी लेन खरंच मोकळी होती. कुत्रं नव्हतं तिथे. पण त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, की जणू गीतांजलीने त्याला बायकोला मालगाडीत बसवायला सांगितलंय.

"साध्यात? आज? अगं, आयुष्यातली एवढी मोठी मुलाखत आहे तिची, आणि मी तिला साध्यात टाकू? वेडी आहेस का?"

आणि तो पुन्हा उरणचा नंबर फिरवत बसला.

शेवटी एकदाचा शेठनी फोन उचलला. मागे बेंजो चालू होता. अभिरामने बेंबीच्या देठापासून ओरडून सगळं सांगितलं: तुमचा बंगला, तुमचे कॅमेरे, बंद करू का?

"आरं मंग बंद कर ना!" शेठ तितक्याच जोरात ओरडले. "मला काय इचारतोस? तू इंजिनिअर हायस का मी?"

टिचकी पडली. लोंढा थांबला. खास लेन पुन्हा नेहमीसारखी रखडत चालू लागली आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. सईला त्याने फोन केला तो लागला नाही. मेसेज केला, ‘झालं नीट, कर जॉइन’. त्यावर तिचं उत्तर आलं, ‘ते गेले’.

दुसऱ्या दिवशी शेठनी ऑफिसात छोटेखानी समारंभ ठेवला. सायबर हल्ला परतवून लावणाऱ्या अभिराम दामले साहेबांना शाल आणि श्रीफळ! फोटो निघाले. कॅमेरे कुणाचे होते हा क्षुल्लक तपशील भाषणात आला नाही. नगरसेवकांच्या भावाने तर मिठीच मारली.

शाल-नारळ घेऊन अभिराम घरी आला, तेव्हा सई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. लॅपटॉप मिटलेला होता. पार्थ तळमजल्यावर मोनालीकडे खेळायला गेला होता. मोनाली भाड्याने राहायची, तिचा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. बुधवारीही सईने पोराला तिच्याकडेच सोडलं होतं.

"मेल आला," सई म्हणाली. "उमेदवार चांगली आहे, पण घरचं कनेक्शन कामाजोगं नाही. दुसरीला घेतलं त्यांनी."

"सॉरी गं. हल्लाच इतका मोठा होता, की..."

"मोनालीकडे काही झालं नाही. तीही झपाटच वापरते ना? पार्थने मुलाखतभर तिच्याकडे कार्टून पाहिलं, एकदाही अडकलं नाही म्हणतो." ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, खरंच कळून घ्यायला. "मला माहीत असतं तर लॅपटॉप घेऊन खाली पळाले असते रे. आपलंच कसं गेलं?"

खोटं बोलायला अभिरामला कधीच जमलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. सकाळी गुपचूप खास केल्याचं, बंगल्याचं, उरणच्या फोनचं.

"म्हणजे साधी लेन चालू होती," सई हळूच म्हणाली. "आणि तुला ती दिसत होती."

"हो."

"मला तिकडे टाकायला कुणाला विचारावं लागलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

अभिरामने हातातला नारळ टेबलावर ठेवला. तो गडगडायला लागला, म्हणून पुन्हा उचलला.

"तुला साध्यात कसं टाकणार होतो मी, सई? तू माझी बायको आहेस."

सईचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"मला खास नव्हतं व्हायचं रे," ती म्हणाली. "मला नोकरी हवी होती."

मग ती उठली आणि पार्थला आणायला खाली मोनालीकडे गेली. बराच वेळ वर आली नाही. अभिराम नारळ हातात धरून तसाच बसून राहिला.