नव्या माशाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. वलवणच्या एका घरात फळीवर असते आणि माझ्यात खडेमीठ असते. आधी एका साध्या दिवसाबद्दल सांगते. १९७४ सालचा मंगळवार होता. शालू पुण्याहून माहेरी आली होती आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिचे वडील अंबाजी, ज्यांना ती आबा म्हणे, गुळण्यांसाठी मीठ घ्यायला आले. झाकण हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"शालू, तीन आठवडं कमी पडलं आसतील का गं?"

कशाबद्दल, ते तिला विचारावे लागले नाही. बारा वर्षे झाली होती त्या गोष्टीला.

"जाऊ द्या ना आबा आता," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठले नाहीत.

माझे पहिले दिवस लोणावळ्याच्या बाजारात गेले. एका दुकानात माझ्यात गुडदाणी, म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, भरून ठेवत. पुढे माझ्या काठाचा टवका उडाला आणि मी अडगळीत गेले. तिथून आबांनी मला मागून आणले. मला वाटले, आता लोणचे. पण आबांना माझे दुसरेच काम होते.

आबा मालगाडीचे गार्ड होते. मुंबईच्या एका फेरीत त्यांनी खडकांतल्या डबक्यात रंगीत मासे पाहिले आणि या मावळातल्या माणसाला समुद्राचे वेड लागले. ओसरीवर काचेची मोठी टाकी आली. समुद्राचे पाणी गोणपाटात गुंडाळलेल्या बुधल्यांतून गाडीने येई. हवेसाठी मोटारीची जुनी ट्यूब होती. ती सायकलच्या पंपाने भरायची आणि बारीक नळीने तिची हवा पाण्यात सोडायची. टाकीतला सर्वांत जुना मासा पट्टेरी होता. त्याला घरात बुवा म्हणत. तो आबांच्या बोटातून सुकट खाई.

नवा मासा मात्र थेट टाकीत जात नसे. तो आधी माझ्याकडे येई. आबा त्याला त्याच्या पाण्यासकट माझ्यात सोडत. मग टाकीतून एक रबरी नळी माझ्यात आणून तिला गाठ मारत. टाकीचे पाणी थेंबाथेंबाने माझ्यात पडे. त्याला दोन तास लागत.

"पानी दिसाया सारखंच," आबा शालूला सांगत, "पर ह्याचं मीठ येगळं, त्याचं येगळं. एकदम सोडला तर जीव घाबरतो त्याचा."

पुढचे तीन आठवडे मासा माझ्यातच राही. माझी जाळी वेगळी, पाणी काढायचा मगसुद्धा वेगळा. माशाला काही आजार असला तर तो माझ्यातच दिसावा, टाकीपर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी हे सारे.

शेजारचे हौशीराम पंप मारायला येत आणि चिडवत. "अंबाजीराव, नव्या सुनेलाबी कुणी येवढं उंबऱ्याभायेर उभं करत न्हाई."

"सून आजारी पडली तर सांगती तरी," आबा म्हणत. "ह्यो सांगनार हाय का?"

त्या वर्षांत मला फार मान होता. मला पुसायलाही आबा दुसऱ्या कुणाला देत नसत.

१९६२ च्या दिवाळीत एक छोटा पिवळा मासा माझ्याकडे आला. भाऊबीजेला आबा कामावर गेले होते. शालू तेव्हा दहा वर्षांची होती. आळीतल्या सगळ्या मुली भावांना ओवाळत होत्या. शालूला भाऊ नव्हता, बहीणही नव्हती. ती बराच वेळ माझ्यासमोर बसून राहिली. पिवळा मासा माझ्या काचेला तोंड लावून टाकीकडे बघत होता, निदान तिला तसे वाटले. तिने जाळीने त्याला उचलले आणि टाकीत सोडले. आजचा दिवस तरी याला सोबत असू दे, एवढेच तिच्या मनात होते. दुसऱ्या दिवशी आबा यायच्या आत तिने त्याला पकडून परत माझ्यात ठेवले.

तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले.

आबांनी शालूला जवळ बोलावले. "बघ, म्हनून थांबायचं आसतं. टाकीत सोडला आसता तर समदी गेली आसती."

शालूने नुसती मान डोलावली. त्याच वेळी तिने सांगितले असते, तर आबांनी जुने मासे लगेच दुसऱ्या पाण्यात हलवले असते. कदाचित काही वाचलेही असते. मी सगळे पाहिले होते, पण मी बरणी.

आठवड्याभरात टाकीतल्या माशांवर ठिपके आले. आबांनी जाळ्या उकळल्या, पाणी बदलले. एकेक मासा तळाला गेला. बुवा सगळ्यांच्या शेवटी.

"ह्याच हातानं रोग नेला मी त्यांच्यात," आबा हौशीरामांना म्हणाले. "हात धुवायचा राहिला आसंल."

या वेळी हौशीरामांनी चेष्टा केली नाही.

त्यानंतर आबांनी मासा आणला नाही. टाकी विकली गेली. माझ्यात मीठ आले. आबा मात्र कधी हाताला दोष देत, कधी मला, कधी आधीच्या माशांना दिलेल्या तीन आठवड्यांना. शालू शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, मास्तरीण झाली. वर्गातल्या मुलांनी पाटी फोडली तर ती म्हणे, "लगेच सांगायचं, मी रागावणार नाही." दर सुट्टीत ती माझ्याजवळ येई, मीठ घेई आणि जाई.

मित्रांनो, नवा जीव घरात आणलात तर घाई करू नका. त्याला वेळ द्या, वेगळे पाणी द्या. आणि घाई झालीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. माशांचा आजार तीन आठवड्यांत दिसून येतो. न सांगितलेली गोष्ट बारा वर्षे राहते आणि एका मंगळवारी तिची मुदत संपते.

तेराव्यानंतर शालूची आई झुंबरबाई फळी आवरत होती. तिने मला खाली घेतले.

"ही बरनी टाकू का गं? शेवटपत्तुर ह्याच बरनीकडं बघून हातावर हात चोळायचं त्येनी."

शालूने मला आईच्या हातातून घेतले आणि जमिनीवर ठेवले. मग मान वर करून ती म्हणाली, "आई, आबांच्या हातानं काही झालं नव्हतं. तो मासा मी टाकीत सोडला होता."