चिमावहिनीचं नुसतं जायचं तिकीट

हे कुणी खरं मानणार नाही. दापोडीत मानलं नाही, फाउंड्रीत मानलं नाही, आणि परवा गुरुवारी भिवाच्या ओट्यावर बसून मी पुन्हा सांगायला लागलो तेव्हा माणसं आधीच गालात हसत होती. मानणारा एकटा भिवा. ज्याच्या आईची ही गोष्ट, तोच. दहा वर्षं तो मान खाली घालून ती ऐकतो आणि संपली की एकदाच मान हलवतो.

भिवाची आई म्हणजे आमची चिमावहिनी. तिचा नवरा कोंडीराम माझ्या गावचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. ब्रह्मदेशच्या लढाईत गेला. माणूस आला नाही, कागद आला. वहिनी तेव्हा विशीतली, भिवा अंगावर पिणारा. पुढं तीस वर्षांनी कुणी पेन्शनवाला शिपाई तिला सांगून गेला, की पुण्याच्या कॅम्पात गोऱ्यांचं एक जुनं चर्च आहे, त्याच्या भिंतीत पाटी बसवलीय आणि लढाईत मेलेल्यांची नावं तीवर कोरलीत. वहिनीनं ते धरलंच.

"एकदा त्येंच्या नावाला हात लागू दे," ती म्हणाली. "मग मी मोकळी."

हे तिनं अशा काही सुरात म्हटलं, की चुलीपुढं बसलेली कस्तुरा, भिवाची बायको, हातावरची भाकरी थापायची थांबली. वहिनीला मोतीबिंदू. दिसायला सावल्या फक्त. म्हणून बघायची गोष्टच नव्हती, हात लावायचा होता.

बेत माझ्यावर आला. पहिली पाळी सुटल्यावर तसाच काळ्या हातांनी मी कॅम्पात जाऊन आलो. फाटकाला कुलूप. आत माळी झाडांना पाणी घालत होता. तो म्हणाला, सुट्टीच्या दिवशी या, दार उघडं असतं, कुणी अडवत नाही. आमच्या पट्ट्यात सुट्टी म्हणजे गुरुवार. त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद. मी घरी येऊन गुरुवार सांगितला. मध्ये आठ दिवस होते.

ते आठ दिवस वाईट गेले. पहिल्या दिवशी वहिनीनं आपला तवा कस्तुराच्या हातात दिला, हा आता तुझा म्हणाली. दुसऱ्या दिवशी रेशनकार्ड कुठं, धुणं वाळत घालायची दोरी कुठं, सगळं दाखवून झालं. तिसऱ्या दिवशी पांढरं लुगडं धुतलं, घडी घालून उशाला ठेवलं. शेजारची केसरबाई म्हणाली, एका दिवसाच्या जाण्याला एवढं काय गं? वहिनी नुसती हसली. मंगळवारी भर दुपारी भोंगा झाला, वेळ नसताना, लांबच्या लांब. मागाहून मी दहा फाटकांवर विचारलं, तर एकही कंपनी तो आपला म्हणेना.

बुधवारी भिवा माझ्याकडं आला. भट्टीच्या दुरुस्तीसाठी त्याला गुरुवारी ओव्हरटाइमला बोलावलं होतं. नाही म्हणता आलं असतं, पण तो म्हणाला नव्हता.

"काका, न्यायचं का तिला?" तो म्हणाला. "हात लागला की ती राहायची न्हाई. मला दिसतंय."

"आणि नाही नेलं तर?"

भिवा चपला घालून निघून गेला. गुरुवारी मी एकटाच तिला घेऊन निघालो.

दापोडी स्टेशनच्या खिडकीवर मी दोन जायची-यायची तिकिटं मागितली. मागून वहिनी म्हणाली, "जयसिंगा, माझं नुसतं जायचं काढ." मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि तिचं परतीचं तिकीट माझ्या खिशात ठेवलं.

इथून पुढं हसायचं असेल त्यानं हसावं. चर्चचं दार वीतभर जाड, आमच्या भट्टीच्या झाकणासारखं. मी हात लावायच्या आधीच ते आत गेलं. आत माणूस नाही. तीन क्रेन एकावर एक उभ्या राहतील एवढं छत, आणि गारवा असा की तोंडाची वाफ दिसावी; महिना एप्रिलचा. आम्ही चालायला लागलो तशी दोन्हीकडची बाकं एकेक करून करकरली, कुणी सरकून जागा करून द्यावी तशी. वहिनीनं माझा हात सोडला. जिला अंगणातली बादली दिसत नव्हती, ती बाई सरळ भिंतीपाशी गेली. पाटीवर वरून सातवं नाव. तिनं बोट ठेवलं. मीही ठेवलं, आणि सांगतो, दगड गरम होता. नुकताच लोखंडाचा रस ओतलेल्या साच्यासारखा.

"आलं," वहिनी म्हणाली. "आलं हाताला."

परतीच्या तिकिटावर ती आली खरी, पण सगळी आली नाही. गाडीत ते बोट मुठीत धरून बसली. पुढच्या बुधवारी, पांढरं लुगडं नेसून, गेली.

एवढं सांगून मी थांबलो. भिवाची मान आता हलायची होती.

उंबऱ्यात त्याची मुलगी रंभा तांदूळ निवडत बसली होती. आजी गेली तेव्हा नऊ-दहा वर्षांची पोर; आता कॅम्पातल्या दवाखान्यात नर्सिंग शिकते, रजा काढून घरी आली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"आजोबा, त्या फाटकावरनं मी दोन वर्षं रोज जाते," ती म्हणाली. "त्यांची सुट्टी रविवारची. गुरुवारी तिथं कुलूप असतं, माळीसुद्धा आत सोडत नाही."

भिवानं मान वर केली.

"तुम्ही आत गेलाच नाहीत," रंभा म्हणाली. "मग माझ्या आजीचा हात तुम्ही कुठल्या दगडावर टेकवलात?"